पुंगळी बदलली की गाडी खरंच पळते का? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात सायलेन्सरवर, म्हणजे पुंगळीवर, चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीग आलाय. गणपती जवळ आले की दरवर्षी असंच होतं, मुंबईहून चाकरमानी मोठमोठ्या आवाजाच्या गाड्या घेऊन येतात आणि मग गावातल्या पोरांना पण तसलंच काहीतरी हवं असतं. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, फक्त गाव देतोय.

मेस्त्री काका, माझी क्लासिक ३५० आहे, बीएस-६. कंपनीचा सायलेन्सर काढून इंदोरी, म्हणजे तो मोठ्या आवाजाचा बाजारू सायलेन्सर, लावला. मित्र म्हणतात पिकअप वाढला, मला पण वाटतंय की वाढला, पण अॅव्हरेज मात्र पडलंय. असं कसं? आता कोणी म्हणतं रिमॅप कर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग बदल), कोणी म्हणतं काही गरज नाही. नक्की काय करू? (रत्नागिरी)

भावा, पिकअप वाढला असं वाटतंय ते कानाला वाटतंय. आवाज वाढला की माणसाला गाडी जोरात चालल्यासारखी वाटते, तुझ्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच होतं. खात्री करायची तर सोप्पं आहे, साखरप्याहून आंबा घाट चढताना एक ठरलेला चढ धर, तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ६० ला जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला मोबाईलवर मोजायला लाव, मग जुना सायलेन्सर लावून तोच माणूस मागे बसवून तोच चढ परत कर. बहुतेक वेळा आकडा जवळपास सारखाच येतो आणि कधीकधी तर कंपनीवालाच पुढे असतो.

आता का ते बघ. तुझ्या इंजिनाची ताकद २०.२ बीएचपी ६१०० आरपीएमला आणि टॉर्क २७ न्यूटन-मीटर ४००० ला. म्हणजे गाडीची सगळी मजा खालच्या आणि मधल्या आरपीएमला आहे. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँक दोनदा फिरली की एकदा स्फोट, हजार आरपीएमला सेकंदाला आठेक ठोके, म्हणून तर ते डुगडुग वेगळं ऐकू येतं. प्रत्येक ठोक्याबरोबर गरम धुराचा एक लोट इंजिनाला जोडलेल्या बेंड पाईपातून सुटतो आणि त्याच्यासोबत दाबाची लाट जाते, ती लाट जिथे पाईप एकदम मोठा होतो किंवा संपतो तिथे आपटून उलटी होते आणि खेच बनून मागे इंजिनाकडे येते. ती खेच नेमकी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आणि इनटेक उघडायच्या वेळेला पोचली तर उरलासुरला जळका गॅस बाहेर ओढला जातो आणि ताजी हवा जास्त भरते. उशिरा पोचली, लवकर पोचली, तर उलट नुकसान. पाईपाची लांबी, जाडी, आतले कप्पे हे सगळं कंपनी या हिशोबाने ठरवते, म्हणून मी म्हणतो सायलेन्सर हा इंजिनाचाच एक पार्ट आहे, मागे लोंबणारा डबा नव्हे.

लोक म्हणतात 'बॅक प्रेशर (धुराला अडवणारा उलटा दाब) पाहिजे, नाहीतर लो-एन्ड (खालच्या आरपीएमची ताकद) जातो'. अर्धवट खरं आहे. इंजिनाला बॅक प्रेशर नको असतं, त्याला गॅसचा वेग हवा असतो आणि लाटेचं टायमिंग हवं असतं. ओहोटीला खाडी जिथे अरुंद तिथे पाणी कसं जोरात ओढतं आणि मुखाशी रुंद झाली की सुस्तावतं, तसं मोकळ्या रुंद पाईपात खालच्या आरपीएमला गॅस सुस्तावतो. वरच्या आरपीएमला मोकळा पाईप चांगला, पण तू ३५० वर कुठे रेस करणार आहेस?

अॅव्हरेज पडायची कारणं दोन. एक, आवाज ऐकायला म्हणून तू मूठ जास्त पिळतोस, हे मान्य करत नाही कोणी पण तेच मोठं कारण असतं. दुसरं, बेंड पाईपाच्या जॉइंटला गॅस्केट नीट बसली नसेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओटू सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो पेट्रोल वाढव. मूठ सोडल्यावर पट-पट फटाके वाजतात ना? बऱ्याचदा ते तिथूनच. आधी ती गॅस्केट बदल, शंभर-दोनशेचं काम आहे, मग रिमॅपचं बघ.

रिमॅपचं म्हणशील तर साधा स्लिप-ऑन असेल, म्हणजे फक्त मागचा डबा बदललेला, बेंड पाईप आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कंपनीचंच असेल, तर साध्या चालीला सेन्सर बघून घेतो. फुल थ्रॉटलला मात्र ईसीयू सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या मॅपवर चालतो, तिथे मिश्रण थोडं पातळ राहू शकतं आणि इंजिन गरम होतं. फुल सिस्टम टाकलीस, म्हणजे बेंड पाईपासकट सगळं बदललंस, कॅट काढलंस, तर रिमॅपशिवाय चालवू नकोस, पण मुळात कॅट काढूच नको, प्लॅटिनम-पॅलेडियम-ऱ्होडियमवाला तो जो महागडा तुकडा आहे तो काढला की पीयूसीला बोंब आणि वॉरंटीला पण बोंब. पूर्वी कार्बोरेटरच्या गाडीला मेन जेट एक नंबर मोठा टाकला की भागायचं, ते दिवस गेले.

माझं मत विचारशील तर जुना परत लाव आणि इंदोरी विकून टाक, घेणारे भरपूर आहेत.

दुकानदार म्हणतो सायलेन्सरवर एआरएआय अप्रूव्ह्ड असा शिक्का आहे, पोलीस काही करू शकत नाहीत. खरं का? (गुहागर)

शिक्का मारायचं मशीन कोणीपण विकत घेऊ शकतं. पुण्याची एआरएआय गाडीची चाचणी करते ती त्या मॉडेलची, तिच्या स्वतःच्या सायलेन्सरसकट. दुकानदाराकडे तुझ्या मॉडेलसाठीचं सर्टिफिकेट असेल तर कागद दाखवायला सांग, पत्र्यावरचं खोदकाम नको. कंपन्या स्वतः काही मॉडेलला अॅक्सेसरी म्हणून सायलेन्सर विकतात, ते बिलासकट घेतलं तर निदान सांगायला काहीतरी असतं.

कायदा असा आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करता येत नाही. कलम १९०(२) आवाज आणि धुराचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स ३ महिने बाद. शिवाय १८२अ आहे, त्यात मालकाने फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला ५,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद. नाक्यावर पावती किती फाडतात तो वेगळा विषय, पण कागदावर हे असं आहे. आणि बऱ्याच शहरांत जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतात, त्याचे व्हिडिओ बघितलेच असशील.

आवाजाची मर्यादा पण लिहून ठेव: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, त्यावर ८०. हे मोजतात गाडी मूठ पिळून पुढून जाताना, साडेसात मीटरवर माईक ठेवून. मोबाईलच्या अॅपवर सायलेन्सरला फोन चिकटवून '१०५ आला रे' म्हणून स्टेटस टाकणाऱ्यांनी तेवढं समजून घ्यावं.

मेस्त्र्यांनू, माझ्या बापाशीची आरएक्स १०० आसा, शाण्णवची. पिकअप अजिबात नाय, चढावार गाडी जीव सोडता आणि मागसून काळा त्याल गळता. गावातलो एक जण म्हणता आतली जाळी काढून टाक, गाडी उडतली. काढू काय? (मालवण)

काढू नुको रे बाबा! टू स्ट्रोकच्या सायलेन्सरमधलं काही काढून टाकणं म्हणजे अर्धं इंजिन काढून ठेवण्यासारखं आहे. त्या इंजिनाला फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, पोर्ट आहेत, आणि पिस्टन खाली असताना ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येता येता थोडं सरळ एक्झॉस्टमधून बाहेर पण पळतं. सायलेन्सरचा पोटातला फुगीर भाग आणि पुढचा निमुळता होत जाणारा भाग, त्या निमुळत्या भागावर लाट आपटून परत येते आणि पळालेलं मिश्रण ढकलून परत सिलिंडरमध्ये कोंबते. हे नीट हिशोबात बसवलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडन या इंजिनिअरने, १९५० च्या दशकात, आणि १९६१ ला त्यांचाच रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेत गेला आणि ती विद्या सुझुकीला मिळाली. जपानी टू स्ट्रोक नंतर कुठल्या कुठे गेल्या ते तुझे वडील सांगतील. त्या ९८ सीसीतून ११ बीएचपी निघते ती याच हिशोबातून निघते, हे सांगायचंय.

तुझ्या गाडीला झालंय ते कार्बन. टू स्ट्रोकचं ऑइल जळून चिकट काळा थर बसतो, सायलेन्सरच्या आतल्या जाळीच्या नळीवर आणि इंजिनाच्या एक्झॉस्ट पोर्टवर पण. गाडी कोंडते, वर चढत नाही, गरम होते. मागचा स्क्रू काढून नळी साफ करण्यापुरती ओढून काढ, नाही निघाली तर मारहाण करू नको, आधी गरम कर. मोकळ्या जागेत जाळून कार्बन पांढरा पडला की झटकून काढ, किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेव. कॉस्टिक म्हणजे हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही. अॅल्युमिनियमला ते पाणी लावू नको, खाऊन टाकतं, म्हणून सिलिंडर हेड आणि पोर्ट लाकडी पट्टीने खरवडायचे, पिस्टन वर नेऊन पोर्ट झाकून. मग ऑइल पंपाचं सेटिंग तपास, जास्त ऑइल सोडत असेल तर चार महिन्यांत परत तेच. आणि शाण्णवची ओरिजिनल सायलेन्सर असलेली गाडी असेल तर मित्रा, तो सायलेन्सर सोन्यासारखा जप, आता बाजारात मिळतो तो नकली, आतला हिशोब वेगळा.

हर्णै बंदराजवळ राहतो. नवीन सायलेन्सर घातला की दोन पावसाळ्यात खालून भोक. मुंबईच्या भावाचा दहा वर्षं तोच आहे. स्टेनलेसचा घ्यायचा तर कुठला? लोहचुंबक लावून बघितलं की कळतं म्हणतात. (हर्णै)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण आपल्याकडे आवाजापेक्षा मोठा प्रॉब्लेम हाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

सायलेन्सर आपल्याकडे दोन्हीकडून सडतो. बाहेरून खारी हवा, ते सगळ्यांना माहीत आहे. आतून पाणी, ते कोणाच्या लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफ होऊन. गाडी लांब चालली, सायलेन्सर नीट तापला तर ती वाफ निघून जाते, पण बंदरावर जायचं, मासळी घ्यायची, दीड किलोमीटरवर घरी यायचं, असं असेल तर सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी पोटात साचतं, त्यात जळक्या गॅसचं आम्ल मिसळतं, आणि ते तळाला बसून पत्रा खातं. तुझ्या भावाचा टिकलाय कारण तो रोज तास-तासभर गाडी चालवत असणार.

आता गुडघ्यावर बस आणि सायलेन्सरच्या तळाशी, सगळ्यात खालच्या जागी बघ, दोन-तीन मिलिमीटरचं एक बारीक भोक असतं, पाणी निचऱ्याला. आपल्याकडे ते तांबड्या मातीने बुजलेलं असतं. किंवा त्याहून वाईट, कोणीतरी 'लीक आहे' म्हणून एम-सील लावलेलं असतं! तारेने मोकळं कर. पावसाळ्यात दर आठवड्याला बघ. नवीन बाजारू सायलेन्सर घेतलास तर बऱ्याच वेळा हे भोक नसतंच, वेल्डरकडून तळाला पाडून घे, पण पाडायच्या आधी खात्री कर की सगळ्यात खालची जागा तीच आहे, गाडी स्टँडवर असताना नाही, सरळ उभी असताना.

स्टेनलेसचं लोहचुंबकावरून कळत नाही, अर्धवटच कळतं. कंपन्या बऱ्याचदा ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वापरतात, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, चुंबक चिकटतो, वरून तांबूस पडतो पण पटकन आरपार जात नाही. ३०४ ला चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यात क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्के. पण स्वस्तातले जे २०१, २०२ येतात त्यांना पण चुंबक चिकटत नाही, कारण निकेल वाचवून मॅंगनीज टाकलेलं असतं, आणि खाऱ्या हवेत ते ३०४ च्या मानाने लवकर डागतात. म्हणजे दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि तू खूश होऊन २०२ घरी नेतोस. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या वर असतं, बोटींच्या सामानाला वापरतात ते, पण सायलेन्सरमध्ये क्वचित आणि परवडत पण नाही. बिलावर ग्रेड लिहून घे, लिहून देत नसेल तर समजून जा.

आणि गंज पहिला वेल्डिंगपाशी येतो, तिथे काळा-निळा थर राहिलेला असतो तो घासून काढलेला असावा. बेंड पाईप निळा-सोनेरी पडतो तो तापल्याने, तो गंज नव्हे, त्याची काळजी नको. समुद्रावर पुळणीत गाडी पळवायची हौस असेल तर घरी आल्यावर सायलेन्सर गार होऊ दे आणि गोड्या पाण्याने खालून धू. माइल्ड स्टीलचा असेल तर उष्णतेला टिकणारा रंग, ६०० डिग्रीवाला, पावसाच्या आधी एक हात मार. जुनं इंजिन ऑइल चोपडायची जी पद्धत आहे ती नको, नुसता धूर आणि वास.

आमच्या घरासमोर खाडी आहे. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा रात्री अकरा वाजता बुलेट काढतो आणि सासूबाई दचकून उठतात. पलीकडून एवढा आवाज कसा येतो? काय करावं? (वेंगुर्ले तालुका)

ताई, रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून परत खाली येतो आणि पाण्यावर अडथळा पण काही नाही. दिवसा तीच गाडी तुम्हाला ऐकू पण येणार नाही. शिवाय बुलेटचा आवाज जाड, खालच्या सुराचा, तो दारं-खिडक्या लावल्या तरी कौलातून आत येतो. साधा सायलेन्सर कप्प्या-कप्प्यांतून लाट फिरवून तो जाड आवाज मारतो. मोकळ्या पुंगळीत फक्त एक सरळ जाळीदार नळी आणि भोवती काचेची लोकर असते, ती चिरका आवाज खाते, जाड आवाज तसाच सोडते, आणि वर्षभरात लोकर जळून उडाली की तेवढं पण नाही.

रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. आणि डेसिबल हा आकडा फसवा आहे, दहाने वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो. ११२ ला फोन करता येतो, पण मी म्हणेन आधी त्याच्या आईशी बोला. तुमची सासूबाई आणि त्याची आई देवळात भेटतच असतील की.

मुलगा गाडी चालवता चालवता चावी बंद-चालू करून मोठे फटाके वाजवतो. गाडीला काही होतं का? (सावंतवाडी)

होतं हो. चावी बंद, मूठ पिळलेली, गाडी पळतेय, कार्बोरेटरच्या गाडीत तर पेट्रोल न जळता सरळ सायलेन्सरमध्ये साचतं आणि चावी चालू केली की तिथेच भडका होतो. आतले पत्रे सुटतात, खडखड वाजायला लागतं. कॅटवाली गाडी असेल तर कॅटच्या आतली जाळी वितळते किंवा फुटते, तुकडे अडकून गाडी कोंडते आणि नवीन कॅटचं बिल बघून मग घरात खरा फटाका वाजतो. एक महिना पेट्रोलचे पैसे देऊ नका.

चिपळूणला २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती, तेव्हापासून धास्ती आहे. पावसात रस्त्यावर पाणी असताना सायलेन्सर बुडाला तर गाडी घालावी की नाही? सायलेन्सर वर उचललेला लावून घेऊ का? (चिपळूण)

२२ जुलै २०२१ जे बघितलंय त्याला धास्ती वाटणारच. पण सायलेन्सर हा इथे खरा धोका नाही. इंजिन चालू असेल तर गॅसचा दाब पाणी आत येऊ देत नाही, पहिला गिअर, मूठ सोडायची नाही, क्लच थोडा दाबून हळूहळू निघायचं. धोका असतो एअर फिल्टरचा, तिथून पाणी गेलं की सिलिंडरमध्ये पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सायलेन्सर उचलून काही उपयोग नाही, फिल्टर जिथे आहे तिथेच राहतो. पाणी सीटच्या खालपर्यंत असेल तर गाडी घालूच नका, वाहतं असेल तर घोट्याएवढं असलं तरी नको.

मध्येच बंद पडली तर स्टार्टर मारू नका, हे पाठच करा. ढकलत बाहेर काढा, पुढचं चाक उंच करून सायलेन्सरमधलं पाणी मागून ओता, प्लग काढून बघा, ऑइल दुधासारखं झालं असेल तर बदलल्याशिवाय चालू करायची नाही.

सीएनजी रिक्षा. घाटात उतारावर सायलेन्सरमधून धडाम आवाज येतो, पॅसेंजर घाबरतात. (खेड)

कुठलातरी ठोका चुकतोय, न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये जमतो आणि पुढच्या ठोक्याला पेटतो. प्लग, प्लगची वायर, एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग, या क्रमाने बघा. सायलेन्सर बदलू नका, त्याचा काही दोष नाही.

डिझेल गाडी, बीएस-६. शाळा-बाजार-घर एवढंच चालते आणि डीपीएफचा दिवा लागतो. एक जण म्हणतो पंधरा हजारात काढून टाकतो. (अलिबाग)

नको. डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर, तो काजळी धरून ठेवतो आणि ६०० डिग्रीच्या आसपास तापला की ती जाळून टाकतो, पण तुमची गाडी एवढी तापतच नाही. दिवा नुसता लागलेला असेल, लुकलुकत नसेल, तर मोकळ्या हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगात चालवा, खालच्या गिअरमध्ये, आरपीएम जरा वर ठेवून. पेणच्या पुढे कुठेतरी जाऊन आलात तरी बास. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचं नेमकं लिहिलेलं असतं ते बघा.

सात वर्षांच्या मुलाची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली. नवीन सायलेन्सरला वरचं कव्हरच नाही. (देवगड)

आधी पोटरीचं. भाजलं की लगेच साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचे नाहीत, मोठं असेल तर डॉक्टर. गाडीचं म्हणाल तर बाजारू सायलेन्सरला हीट शिल्ड नसते कारण त्याने 'लूक' जातो म्हणे. युनिव्हर्सल पत्र्याची शिल्ड मिळते, क्लॅम्पवर बसते, पत्रा आणि सायलेन्सर यांच्यात बोटभर जागा राहील अशी बसवून घ्या नाहीतर ती पण तेवढीच तापते. आणि सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, तेव्हा पोराला डावीकडून चढा-उतरायची सवय लावा.